घंगाळातलं पाणी

सोयाबीन निघायला लागलं की देवासची हवा पंधरा-वीस दिवस खरखरीत होते. सोनकच्छकडून मंडीत येणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावर दाणे सांडत जातात, कबुतरं ते टिपायला उतरतात आणि मागची बस हॉर्न वाजवत ताटकळते. शेतात थ्रेशर चालतात तेव्हा भुशाचा बारीक धुरळा थेट वस्तीपर्यंत येऊन दोरीवरच्या कपड्यांवर बसतो. दुपारी ऊन चटका देतं, पहाटे पांघरूण लागतं. याच दिवसांत घरोघरी घट बसतात, माळ्यावरची भांडी खाली येतात आणि मागच्या अंगणात चिंच भिजत पडते.

भिजलेली चिंच आणि तिच्याखाली उजळत जाणारं तांबं, या दोहोंचा मिळून एक आंबूस वास येतो. यंदाही आला. शेजारच्या भाभींनी कलश घासायला घेतला होता. मी हातातला पेपर घडी करून आत जाऊन बसलो. वय आता ऐंशीच्या पुढे आहे. सांगायच्या राहिलेल्या गोष्टी फार नाहीत, पण त्यांतली पहिली गेली दहा-बारा वर्षं पहिलीच राहिली आहे.

मासे आमच्या घरात आले ते हेमंतच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. हेमंत माझा मुलगा. तेव्हा तो नोकरीसाठी रोज इंदूरला जाऊन येऊन करायचा. एका संध्याकाळी त्याने बायकोसाठी काचेची पेटी आणली. सूनबाई अर्चना, माहेर सोनकच्छचं, प्राणिशास्त्रात बी.एस्सी., शिकणं सगळं हिंदीतून. घरात मराठी बोलायची, पण त्या मराठीला माळव्याचं पाणी लागलेलं. "बाबा, मी तर तुमचा चहा झाकून गेली होती," असं ती म्हणायची आणि माझी बायको कमल जागच्या जागी सुधारायची, "गेले होते म्हण गं." अर्चना हसून मान डोलवायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा "मी आली तर" म्हणून सुरू व्हायची.

मासे निवडायला मी तिच्याबरोबर गेलो होतो. बसस्टँडजवळच्या दुकानदाराने काळ्या-करड्या पट्ट्यांची एक जोडी दाखवली. "बाबूजी, ये कन्विक्ट है, सिक्लिड जात की. कैदी समझो. जेल के कपड़े पहन के ही पैदा होती है."

"किसका खून किया इसने?" मी विचारलं.

"अभी तक तो किसी का नहीं. पर पड़ोसी मत देना इनको."

म्हणून पेटीत ती दोघंच राहिली. बरोबर थोडी वाळू, एक शेवाळलेला दगड आणि अर्चनाने आमच्याच जुन्या छपरातून काढलेलं अर्धं कवेलू, म्हणजे कौल. पितृपक्ष संपत आला होता तेव्हा मादीने त्या कवेलूच्या पोटाशी अंडी चिकटवली. मधासारख्या रंगाची, रव्याच्या दाण्याएवढी. कमल येऊन, वाकून, पदर सावरत बघून गेली. "पितृपक्षात बाळंतपण काढलंय मेलीनं," म्हणाली. पण त्या दिवशी ती तीनदा बघून गेली हेही खरं.

ती जोडी काय करते हे बघण्यात माझ्या दुपारी जाऊ लागल्या. मादी अंड्यांसमोर उभी राहून परांनी वारा घालायची, थांबायची, एखादं पांढरं पडलेलं अंडं टिपून बाजूला करायची आणि पुन्हा वारा घालायची. नर पेटीच्या चार कोपऱ्यांत फेऱ्या मारायचा. काचेला कोणी बोट लावलं तर बोटावर चालून यायचा. आपल्या पोरांच्या बाळंतपणात आपण काय केलं असा विचार मनात आला, आणि उत्तर माहीत असल्यामुळे तो मी फार लांबवला नाही.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. कवेलूखाली नुसतं काही तरी वळवळत होतं. मी बघत असताना मादीने त्यातला एक घास तोंडात घेतला.

"अगं अर्चना, खातेय ती."

अर्चना ओल्या हातांनी धावत आली, बघितलं आणि निवांत झाली. "खात नाही बाबा. जागा बदलते आहे."

खरंच मादीने वाळूत उकरून ठेवलेल्या खळग्यात तो घास हलकेच थुंकला. मग दुसरा, मग तिसरा. नर वाटेवर पहारा करत होता. सगळी पिल्लं हलवायला त्यांना तासभर लागला, आणि तेवढा वेळ आम्ही सासरा-सून पेटीसमोर उभे होतो.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला पिल्लं पोहायला लागली. पाण्यात मूठभर खसखस उधळावी आणि ती खाली न बसता इकडून तिकडे हिंडावी, तसा तो पुंजका दिसायचा. कुणाची सावली पडली की मादी अंगाला एक झटका द्यायची आणि सगळी पिल्लं एकदम वाळूला जाऊन चिकटायची. दिवेलागणीला ती त्यांना गोळा करून कवेलूखाली न्यायची. एखादं मागे राहिलंच तर नर ते तोंडात धरून आणून सोडायचा.

या पिल्लांना खायला काय घालायचं हा प्रश्न होता. इतक्या बारीक तोंडात मावेल असं एकच होतं, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. चिमूटभर बलक तलम फडक्यात बांधायचा, फडकं पाण्यात हलकेच दाबायचं, धुरासारखा थोडा बलक बाहेर येतो, तो पिल्लांच्या पुंजक्याजवळ सोडायचा. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. अर्चना ते शेजारच्या भाभींकडे उकडायची, बलक तिथेच फडक्यात बांधायची आणि मागल्या दाराने यायची. दिवसातून चार वेळा, दर वेळी एकच थेंब, आणि उरलेलं लगेच नळीने ओढून काढायचं. तिचा हात या कामात इतका हलका आणि नेमका होता की बघत राहावं.

"दुकानवाले भैया म्हणाले, बड़ी हो जाएँ तो ले आना," एकदा तिने मला सांगितलं. "अंगठ्याच्या नखाएवढी झाली की ते घेतील. मग मी अजून दोन पेट्या ठेवीन गच्चीवर. म्हणजे बाबा, घरात बसून मी पण काही करते, असं होईल ना."

"होईल की," मी म्हणालो.

कमलला चौथ्या माळेला ते फडकं सापडलं. मागच्या दोरीवर वाळत होतं, वासावरून कळलं. ती अर्चनाला फार बोलली नाही, एवढंच म्हणाली, "घट उठेपर्यंत तरी थांबायचं होतंस." अर्चना म्हणाली, "आई, तोपर्यंत ती उपाशी मरतील." कमल देवघरात निघून गेली. घरात एक गप्पपणा आला. त्याच्या कडेकडेने पिल्लं मोठी होत राहिली, म्हणजे खसखशीची मोहरी झाली असेल इतकी.

देवासमध्ये पाण्याचं काय असतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि त्याला औषधाचा उग्र वास असायचा. अर्चना ते निळ्या प्लास्टिकच्या टबात भरून मागच्या पडवीत दोन दिवस उघडं ठेवायची. वास उडाला की त्यातलं मगभर पेटीत घालायची. टब कुणी वापरायचा नाही अशी तिची सक्त ताकीद होती. सप्तमीला तिला माहेरी जावं लागलं. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, रात्री तिथे राहून सकाळच्या बसने परत येणार होती. बलक ती सकाळी घालून गेली. मला म्हणाली, "बाबा, संध्याकाळी टबातलं दोन मग पाणी घाला, बस. एकदम से जास्त नका घालू हं."

आमच्या घरात तांब्याचं एक घंगाळ आहे. वडिलांच्या वेळचं, धारहून आलेलं. वडील धार संस्थानात कारकून होते. संस्थान गेलं, नोकरी गेली, बिऱ्हाड देवासला आलं, तेव्हा बैलगाडीत सगळ्यात वर ते घंगाळ बांधलेलं होतं असं मी लहानपणापासून ऐकलं. वडिलांची श्रद्धा होती की रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्यात दोष उरत नाही. आम्हां भावंडांना ते पहाटे तेच पाणी प्यायला लावत. आजारपणात डॉक्टरच्या आधी ते पाणी यायचं. इंदूर, धार, देवास, जिथे जिथे आमची जुनी घरं आहेत तिथे तिथे हे असं चालत आलं आहे, आणि कुणी कधी विचारलं नाही की दोष नक्की कशातला जातो.

षष्ठीला कमलने ते घंगाळ अष्टमीसाठी खाली काढलं, चिंच-मीठ लावून घासलं आणि वरवर विसळून पाणी भरून ठेवलं. आतून ते गुलाबी झालं होतं, नव्या नाण्यासारखं. सप्तमीच्या संध्याकाळी मी मग घेऊन पडवीत गेलो. एकीकडे निळा टब, त्यात भुशाचे चार कण तरंगत होते. दुसरीकडे घंगाळ. मला वाटलं, ही पोर दोन दिवस पाणी शिळं करत बसते, त्यापेक्षा हे किती चांगलं. लहान जीव आहेत, त्यांना चांगलं पाणी मिळावं. दोन मगही थोडे वाटले. मी जवळजवळ कळशीभर घातलं. पाण्याखाली पिल्लांचा पुंजका हलला, मादीने झटका दिला, सगळी वाळूला चिकटली. मला बरं वाटलं. आपण काही तरी केलं असं वाटलं.

अष्टमीला सकाळी पिल्लं मेली होती. वाळूवर पांढुरकी साय धरावी तशी पडलेली. मोठी दोघं जिवंत होती, वरच्या बाजूला येऊन जोरजोरात कल्ले हलवत होती. अर्चना आठच्या बसने आली, पिशवी खाली न ठेवताच पेटीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मी काही बोललो नाही.

दुपारी कुळधर्माचं जेवण होतं. इंदूरहून माझी धाकटी बहीण माई आली होती, तिचे यजमान होते, हेमंत होता. अर्चना वाढत होती. विषय निघालाच.

"देवी बसलेली असताना घरात अंडं," कमल म्हणाली. "मी सांगून थकले. व्हायचं ते झालं."

"वहिनी, देवीचं राहू दे बाजूला," माई म्हणाली. "अंडं पाण्यात कुजणारच ना गं. कुणालाही कळेल."

"मी दर वेळी काढत होती, आत्या," अर्चना म्हणाली.

"राहिलं असेल थोडं. हात असतो एकेकीचा. आमची नणंद कढी करायला घेते आणि फुटते ती फुटतेच."

सगळे हसले. हेमंतही हसला, वाईट हेतूने नाही. अर्चना पुरण वाढत पुढे गेली. माझ्या ताटात तिने तूप वाढलं, मी "पुरे" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. अंड्याने असं होतं का, हे विचारायला. दुकानदार म्हणाला, "अंडे से मरतीं तो पानी में बदबू आती, बाबूजी. आई क्या?" नव्हती आली. "पानी किसमें रखा था?" मी सांगितलं. तो काउंटरवरचं पुसणं थांबवून माझ्याकडे बघायला लागला. "ताँबा? और इमली से घिसा हुआ? अरे बाबूजी, ताँबा तो दवा है, बीमार मछली को बूँद नाप के देते हैं. बड़ी झेल गई, बच्चे कहाँ से झेलते." मग त्याने आवाज खाली आणला. "बहूजी को बोल देना, उनका कसूर नहीं."

मी हो म्हणालो. घरी येताना काय बोलायचं ते जुळवलंही होतं. दारात कमल भेटली, "कुठे गेला होतात?" म्हणाली. "पाय मोकळे करायला," मी म्हणालो. आणि मग त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशी ते सांगणं जड झालं, कारण आता आदल्या दिवशी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. असं एकेका दिवसाने ते वाढत गेलं. मी खोटं बोललो नाही, नुसता गप्प राहिलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो आहे. गप्प राहणाऱ्याला हे एक बरं असतं की त्याचे शब्द कुणी पुढे काढत नाही.

मोठी जोडी दसऱ्यानंतर दुकानात परत गेली. पेटी गच्चीवर गेली, तिच्यात कमलने कोथिंबीर लावली. दोन पेट्यांचा विषय अर्चनाने पुन्हा काढला नाही. मात्र तिच्या तोंडात एक वाक्य आलं. दूध उतू गेलं, कुंडीतलं रोप वाळलं, कुणाच्या बाळाला घ्यायला सांगितलं आणि ते रडलं, की ती म्हणायची, "माझा हातच तसा आहे." सुरुवातीला हसून, पुढे पुढे नुसतंच. मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दाढी करत होतो. नंतर किती वेळा ऐकलं ते सांगता यायचं नाही.

काही वर्षांनी हेमंतची धारला बदली झाली. अर्चना तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. शाळेने प्रयोगशाळेत माशांची पेटी ठेवायचं ठरवलं, ती सांभाळायला तिलाच सांगितलं, आणि ती नको म्हणाली. हेमंतने हे मला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. "प्राणिशास्त्राची बाई आणि माशांना घाबरते."

कमलचं मन वरून दिसायचं तितकं कठीण नव्हतं. एकदा वाती वळता वळता ती म्हणाली, "अहो, त्या अष्टमीला मी त्या पोरीला फार बोलले का हो? चारचौघांत बोलायला नको होतं."

"छे," मी म्हणालो. "तू काय चुकीचं बोललीस?"

तिने वातीची जुडी बांधली आणि दुसरी घेतली. तीन वर्षांपूर्वी कमल गेली. शेवटच्या आजारात अर्चना धारहून येऊन दीड महिना राहिली. तिचं न्हाणं-धुणं, भरवणं सगळं तिने केलं. तांदळाची पेज ती चमच्याच्या टोकाने, थेंबाथेंबाने भरवायची. ते मी दारातून बघत असे, आणि तेव्हाही राहिलं.

यंदा शेजारच्या अंगणातून चिंचेचा वास आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धारला जायला निघालो. इंदूरपर्यंत बसमध्ये उभा होतो. मग कंडक्टरने एकाला उठवलं, "भिया, सरको, दादाजी को बैठने दो." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं मोकळी झालेली होती. धारला पोचलो तेव्हा हेमंत कामावर होता. अर्चना जेवणाच्या टेबलावर तिमाही परीक्षेचे पेपर तपासत होती.

"अर्चना, ती पिल्लं अंड्याने मेली नव्हती," मी म्हणालो.

कोणती पिल्लं, असं तिने विचारलं नाही. पेन थांबलं. मी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. घंगाळ, चिंच, एक कळशी, दुकानदार.

"आईंना माहीत होतं?"

"नाही."

"कधीच नाही सांगितलं त्यांना?"

"नाही."

"म्हणजे त्या गेल्या, त्या माझीच चूक समजून गेल्या."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. पेनचं टोपण लावून पेपरांचा गठ्ठा सरळ केला. "भाजी गॅसवर झाकून ठेवली आहे. पोळ्या डब्यात आहेत," म्हणाली. "तुम्ही वाढून घ्या. मी आज तुमच्याबरोबर नाही बसणार." आणि आत गेली. त्या घरात मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. भाजी गिलक्यांची होती.

सकाळी तिने चहा दिला आणि समोर बसली. "हेमंतला तुम्ही सांगा, मी नाही सांगणार. माईआत्यांना पण. त्या दिवशी जे जे जेवायला होते त्या सगळ्यांना. तुम्ही मराठी मंडळाच्या अंकात दर वर्षी लिहिता ना, तिथे लिहा. माझं नाव घालून."

"तुला वाचता येईल ते?" मी विचारलं. लिपी तीच असली तरी छापील मराठी तिला एकेक शब्द लावत वाचावी लागते.

"तुम्ही वाचून दाखवा. मी ऐकेन."

हेमंतला मी त्याच दिवशी सांगितलं. तो बराच वेळ मोबाइल हातात धरून बसला, त्यात काही न बघता. माईला फोन केला. ती म्हणाली, "दादा, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरतोस?" आणि थोड्या वेळाने तिनेच फोन करून अर्चनाशी बोलायला मागितलं. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

हा लेख मी धारलाच, तीन सकाळी बसून लिहिला आणि काल संध्याकाळी अर्चनाला वाचून दाखवला. ती पेपर बाजूला ठेवून ऐकत होती. कन्विक्टच्या दुकानदारापाशी तिला थोडं हसू आलं. अष्टमीच्या सकाळपाशी आलो तेव्हा म्हणाली, "थांबा. इथे चूक आहे."

"कुठे?"

"सगळी नव्हती मेली. कवेलूखाली तीस-पस्तीस होती. कमजोर होती, पण हलत होती. मी तुम्हाला विचारलं, 'बाबा, पाणी कुठलं घातलं?' तुम्ही म्हणालात, 'टबातलंच.'"

मला आठवत नाही, असं मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. मी कागदाकडे बघितलं. पूजा आटोपून मी दारात उभा होतो, कमरेला सोवळं होतं. तिच्या केसांत बसचा धुरळा होता आणि पिशवी अजून खांद्यावरच होती. आठवत होतं.

"तुम्ही घंगाळाचं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी त्यांना त्याच मिनिटाला टबात काढलं असतं."

वरचा मजकूर फाडून नव्याने लिहू का, असं मी विचारलं. "राहू द्या तसंच," ती म्हणाली, "खाली लिहा." मी सारी नोकरी भूमापन खात्यात केली. तिथे चुकलेली नोंद कुणी खरवडून काढत नसे, खाली दुरुस्ती लिहून सही करावी लागे. तर दुरुस्ती अशी: अष्टमीला सकाळी तीस-पस्तीस पिल्लं जिवंत होती. पाणी कुठलं घातलं, असं अर्चनाने मला विचारलं. टबातलंच, असं मी सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून पाणी बदललं नाही. ती पिल्लं संध्याकाळच्या आरतीपर्यंत जगली.